साडेसहा अक्रोड

विहीणबाई आल्या त्या हातात केकचा खोका आणि तोंडात 'रूस्सो' घेऊनच आल्या. मुलगी झाली म्हणून दारावर लावलेली गुलाबी फीत उगाच सरळ केली, आत पाऊल टाकलं आणि म्हणाल्या, "कुठाय आमची छोटी रूस्सो?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या आमच्या भावजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, साबातीनोंनी, हातातला काटा खाली ठेवला. इतक्या हळू ठेवला की मला तिथेच कळलं, आजचं जेवण काही सुखाचं नाही.

"विहीणबाई," भावजी म्हणाले, "पोरीचं आडनाव अजून ठरायचंय."

"ठरायचं काय त्यात? माझ्या मुलाची मुलगी आहे."

"माझ्याही मुलीची आहे."

"बसा हो आधी!" मी ओरडले. "फुसिल्ली पास्ता गार होतोय."

पोरगी नऊ दिवसांची होती. उद्या सोमवार, दहावा दिवस. दहा दिवसांच्या आत नगरपालिकेत जाऊन लेकराचं नाव-आडनाव लिहवायचं असतं, आणि आमच्याकडे अजून दोन्ही रकाने कोरे होते. पूर्वी बापाचं आडनाव आपोआप लागायचं. आता नव्या कायद्याने आईबापांनी मिळून सांगितलं तर नुसतं आईचंही लागतं. पूर्वीचं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, पण पूर्वी रविवारचं जेवण तरी गरम खायला मिळायचं.

भावजींचा जीव का खालीवर होत होता ते सांगते. आमच्या घराचं आडनाव सेत्तेनोची. सात अक्रोड. माझा नवरा ओरेस्ते पस्तीस वर्षं पोस्टमन होता. निवृत्त झाल्यावर या माणसाला दुसरं काही सुचलं नाही; त्याने देशभरातल्या सेत्तेनोचींना शोधून पत्रं लिहायला घेतली. अख्ख्या इटलीत निघाले किती? अकरा. त्यातले चार ऐंशीच्या पुढचे, दोघी बहिणी मठात, एक तोरीनोला राहतो आणि पत्राला उत्तर देत नाही. अर्जेंटिनात बारावा सापडला म्हणून ओरेस्ते आठवडाभर शीळ घालत फिरत होता. बारावा शर्यतीचा घोडा निघाला.

उरले चौघे. भावजी, ओरेस्ते, आमचा पुतण्या लिबेरातो आणि भावजींची एकुलती एक लेक इम्माकोलाता, आमची इम्मा. लिबेरातो पाद्री, त्याच्याकडून वंश वाढण्याची आशा बिशपही धरणार नाही. ओरेस्तेला आणि मला मूल झालं नाही. मी चाळीस वर्षं या घरात भांडी घासतेय, पण आमच्यात बायको माहेरचंच आडनाव ठेवते, म्हणून त्या अकरांत मी नाही. ते एक बरंय.

म्हणजे सगळं येऊन अडलं इम्माच्या पोरीवर. तिला रूस्सो लागलं की सेत्तेनोची संपले.

आणि रूस्सो! आमच्या रोक्कामेन्नाच्या चौकात 'ए रूस्सो!' अशी हाक मारा, चाळीस माणसं वळून बघतात आणि एक कुत्राही. विहीणबाई जेरार्दा तर रूस्सोच्या घरात जन्मल्या आणि दुसऱ्या रूस्सोच्या घरात पडल्या. जगात दुसरं आडनाव असतं हेच त्यांना उशिरा कळलं असावं.

"दोन्ही लावा," ओरेस्ते तोंडात घास असतानाच म्हणाला. "सेत्तेनोची रूस्सो. कायद्यात बसतं."

"रूस्सो सेत्तेनोची," विहीणबाई म्हणाल्या.

"तिच्या पोरांना त्यातलं एकच देता येईल," भावजी म्हणाले. "आणि कुठलं गळेल ते मला पक्कं ठाऊक आहे. नको. अर्धवट काही नको मला."

इम्मा कोंबडीचं सूप पुढ्यात घेऊन बसली होती. टाके ओले, डोळ्यांखाली काळं, नऊ रात्री झोप नाही. "बाबा, मला रूस्सो चालेल," ती म्हणाली. "खरंच सांगते. शाळेत माझ्या दप्तरात अक्रोड टाकायची सगळी पोरं. मास्तर हजेरी घेताना हसायचे. लावा रूस्सो आणि मिटवा एकदाचं."

भावजींचा चेहरा असा उतरला की मला त्यांच्याकडे बघवेना. एरवी माझं आणि त्यांचं पटतं अशातला भाग नाही. पण पोरगी झाली त्या दिवसापासून त्यांनी तिला एकदाही उचललेलं नव्हतं. सगळे म्हणाले, मुलगी झाली म्हणून रुसलेत. रुसवा नव्हता तो. लळा लागेल आणि मग ती दुसऱ्यांची होईल, याची धास्ती होती. मला ते कळत होतं, कारण दुपारी सगळे झोपले की ते पाळण्यापाशी उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून.

"बघा, मुलीलाच नकोय," विहीणबाईंनी चीज किसून घेतलं. "गुणाची गं माझी सून!"

दोनातो, इम्माचा नवरा, ताटात मान घालून बसला होता. भला मुलगा, पण आईसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटते. नंतर त्याने मला सांगितलं, त्या क्षणी टेबलाखाली शिरून तिथून स्वयंपाकघरात आणि तिथून थेट रानात जावं असं त्याला वाटत होतं.

"गुणाची आहेच," भावजी म्हणाले. "पण आपण काय घालवतोय ते तिला माहीत नाही. विहीणबाई, तुमच्या घराण्याचा मूळ पुरुष कोण?"

"माझ्या नवऱ्याचे, पास्क्वालेचे, आजोबा. खेचरं विकायचे."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी खेचरं विकत घ्यायचे असतील. मला काय विचारता?"

"आमचा मूळ पुरुष नॉर्मन सरदार!" भावजी उठून उभे राहिले. "अक्रोडाच्या सोट्याने एका दमात सात शत्रू लोळवले, म्हणून सेत्तेनोची. आठशे वर्षं झाली. दारावर ढाल लावलीय ती उगाच नाही."

ती ढाल भावजींनी नेपल्सच्या बाजारात घेतली होती. तिच्यावर एक झाड आहे आणि सिंह आहे. सिंह मांजरासारखा दिसतो, पण हे घरात कुणी बोलत नाही.

"नाव मोठं, लक्षण खोटं," विहीणबाई पुटपुटल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "कागद आहे का काही?"

बस्स. याच प्रश्नाची भावजी दोन महिने वाट बघत होते. पोरगी पोटात होती तेव्हाच त्यांनी लिबेरातोला कामाला लावलं होतं. तो बेनेवेंतोला असतो आणि तिथल्या जुन्या दप्तरांची किल्ली त्याच्याकडे असते. "घराण्याचं मूळ शोधून काढ आणि पोरीच्या जेवणाला घेऊन ये," असा हुकूम होता.

"लिबेरातो! कागद काढ!"

लिबेरातोने तिसऱ्यांदा फुसिल्ली वाढून घेतली. "काका, आधी जेवून घेऊ."

हा पोरगा कधी तिसऱ्यांदा वाढून घेत नाही. मी लगेच ओळखलं. "लिबेरातो, मटणाचं पातेलं उतरवायला ये बरं जरा," म्हणून त्याला आत नेलं.

"काकू, मेलो मी," आत येताच तो म्हणाला. "सरदार बिरदार काही नाही. वाचून दाखवलं तर काकांना झटका येईल."

"चोर होता?"

"चोर असता तर बरं होतं."

"मग नको वाचूस. म्हण, घरी विसरला."

"मी पाद्री आहे, काकू. आणि कागद त्यांना खिशातून दिसतोय."

बाहेरून भावजींचा आवाज आला, "लिबेरातो!" आणि लगोलग विहीणबाईंचा, "येऊ द्या हो, सरदाराला घोड्यावरून उतरायला वेळ लागतो!"

मी त्याला डोळ्याने खुणावलं, तरी त्याने बाहेर येऊन कागद काढलाच. स्वभाव. आमच्या घरात सुंभ जळतो, पीळ राहतो.

"काका, एकट्याने ऐका. माझं ऐका."

"विहीणबाईंसमोर वाच. मोठ्याने वाच."

लिबेरातोने घसा साफ केला. "सन अठराशे अकरा, नोव्हेंबरची नऊ तारीख, शनिवार. पहाटे तीनच्या सुमारास चाकावर..."

"कसलं चाक?" ओरेस्ते म्हणाला. "रथाचं?"

हे विचारणारा एकटा हाच. आमच्या भागात चाक म्हटलं की पासष्टीच्या पुढच्या माणसाला सांगावं लागत नाही. मठाच्या भिंतीत फिरतं लाकडी पिंप बसवलेलं असायचं. बाहेरून लेकरू ठेवायचं, घंटा वाजवायची आणि पळ काढायचा. आतून जोगीण चाक फिरवून लेकरू घ्यायची. ना कुणी कुणाचं तोंड पाहिलं, ना नाव विचारलं.

"पहाटे तीनच्या सुमारास चाकावर एक मुलगा मिळाला," लिबेरातोने वाचलं. "वय अंदाजे दोन दिवस. अंगावर जुन्या परकराचा तुकडा. आईबाप अज्ञात. सोबत सुतळीने बांधलेली पुरचुंडी, त्यात खुणेचे अक्रोड सात. शनिवारी आला म्हणून नाव साबातो, आणि आडनाव सेत्तेनोची."

भावजी अजून उभेच होते. त्यांचं स्वतःचं नाव साबातीनो. पिढ्यान् पिढ्या थोरल्या मुलाला हेच नाव. कुठून आलं ते त्या घडीला टेबलाभोवती सगळ्यांना समजलं.

आधी हसल्या त्या विहीणबाई. रुमाल तोंडाला लावून हसल्या, मग रुमाल बाजूला ठेवून हसल्या. "अगं बाई! चाकावरचं पोर! आणि आम्ही खेचरवाले! अहो, आमच्या खेचरांचे बाप तरी माहीत होते!"

"आई, पुरे," दोनातो म्हणाला. मी लग्नापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकत असल्यासारखं वळून पाहिलं.

"पुरे काय? हे असलं आडनाव लावायचं माझ्या नातीला? ज्याला बापच नाही?"

भावजी खाली बसले. सबंध माणूस दोन मिनिटांत म्हातारा झाला. "लावा रूस्सो," ते म्हणाले. "इम्मा, तुझं बरोबर होतं. लावा आणि मिटवा."

मला इतका राग आला विहीणबाईंचा की मटणाचा रस्सा त्यांच्या नव्या ब्लाउजवर सांडावा असं मनात आलं. पातेलं हातात होतं. पण मटण चांगलं झालं होतं.

"अजून एक ओळ आहे," लिबेरातो म्हणाला. "खाली, बारीक अक्षरात. 'सातापैकी एक अक्रोड फोडलेला. त्याचं अर्धंच टरफल पुरचुंडीत आहे.'"

"म्हणजे साडेसहा!" विहीणबाईंना पुन्हा उमाळा आला. "घराण्याचं खरं आडनाव साडेसहा अक्रोड! ओरेस्ते, लिहा पत्रं सगळ्यांना!"

ओरेस्ते, माझा नवरा, हसला. सख्ख्या भावाच्या दुःखात हसला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"अर्धं का?" इम्माने विचारलं.

सूप बाजूला सारून ती पुढे वाकली होती. "दादा, अर्धंच का?"

"खूण असायची ती," लिबेरातो म्हणाला. "परत न्यायचा विचार असला की बाया काहीतरी अर्धं ठेवायच्या. कुणी अर्धं पदक, कुणी पत्त्यातलं अर्धं पान. दुसरं अर्धं आपल्याजवळ. पुढे कधी आली तर जोडून दाखवायचं, जुळलं की मूल हिचं. हिच्याकडे पदक नसेल."

"अक्रोडाचं टरफल फक्त आपल्याच दुसऱ्या अर्ध्याला बसतं," ओरेस्ते म्हणाला. आता तो हसत नव्हता. "दुसरं कुठलंही बसत नाही. करून बघा."

कुणी करून बघितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. आमच्या गावात अक्रोड फोडतच माणसं मोठी होतात.

"मग आली का ती?" इम्मा म्हणाली.

लिबेरातोने कागदावर बोट ठेवलं. "'परत नेले' असा रकाना आहे शेवटी. कोरा आहे."

इम्मा रडायला लागली. नुसतं डोळ्यांत पाणी आणून नाही, चांगली हमसून रडली. नऊ दिवसांची बाळंतीण ती, तिला कुठे धीर धरवणार! "दोन दिवसांचं लेकरू," ती म्हणत होती, "दोन दिवसांचं, काकू! अंगात ताप असेल तिच्या. दूध आलं असेल. तशीच चालत गेली असेल बेनेवेंतोपर्यंत, थंडीत." मी तिला पोटाशी धरलं आणि मलाही आवरेना. मला तर मूल नाही, तरी आवरेना.

आणि आता नवल ऐका. टेबलाच्या पलीकडे विहीणबाईंचा रुमाल पुन्हा तोंडावर गेला होता, पण खांदे वेगळेच हलत होते.

"तिने ते अर्धं टरफल मरेपर्यंत जपलं असेल," विहीणबाई म्हणाल्या. "मी सांगते ना. मी असते तर जपलं असतं." मग नाक शिंकरलं आणि सगळ्यांकडे रागाने पाहिलं. "काय बघताय? मला काय काळीज नाही?"

इम्माने डोळे पुसले. "आई," ती सासूला म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना, या आडनावाला बाप नाही? खरंय. याला आई आहे. तिला लिहिता येत नसेल, हाताशी होतं ते तिने दिलं. जोगिणीने नुसतं लिहून घेतलं. मी माझ्या पोरीला हेच आडनाव देणार."

"शाळेत अक्रोड टाकतील दप्तरात," भावजी म्हणाले.

"टाकू देत. फोडून खाईल."

"आणि रूस्सो?" विहीणबाई ताठ बसल्या. काळीज आपल्या जागी, आडनाव आपल्या जागी. "माझा पास्क्वाले वरून बघतोय. त्याला काय सांगू? आणि दोनातो तयार आहे का? दोघांनी मिळून सांगावं लागतं, मी पण कायदा वाचलाय."

सगळ्यांनी दोनातोकडे पाहिलं. त्याने पाण्याचा पेला उचलला, प्यायला नाही, परत ठेवला.

"आई," तो म्हणाला, "रूस्सो कमी पडणार नाहीत गं."

इतकंच बोलला. पण तो बोलला! माझ्या हातून पळी पडली.

विहीणबाईंचं तोंड उघडलं आणि पुढे काय येणार ते आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. गावजेवण रद्द, माहेरची माणसं गोळा, पाद्रीबाबांपर्यंत तक्रार. तेवढ्यात इम्मा म्हणाली, "आणि नाव जेरार्दा."

यामागची गोष्ट सांगायला हवी. आमच्यात पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायची रीत आहे. सात महिन्यांपासून इम्मा निक्षून सांगत होती की जीव गेला तरी पोरीला जेरार्दा म्हणणार नाही. तिला 'सोले' ठेवायचं होतं. सूर्य. दुपट्यावर विणूनसुद्धा घेतलं होतं, मीच विणलं होतं. विहीणबाईंवर गावात तोंड लपवून फिरायची वेळ आली होती. रीत मोडणारी सून म्हणून त्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावत होत्या.

"काय म्हणालीस?" विहीणबाई म्हणाल्या.

"जेरार्दा. नाव तुमचं, आडनाव माझं."

"पूर्ण जेरार्दा? जेरी बिरी नाही?"

"पूर्ण."

विहीणबाईंनी केकचा खोका पुढे ओढला, दोरी सोडली आणि पहिला तुकडा कापून भावजींच्या ताटलीत ठेवला. "खा," त्या म्हणाल्या. "वाळलायत नुसते."

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत आम्ही सगळेच गेलो. खरं तर आईबाप पुरतात, पण आमच्यात पुरतं त्यापेक्षा जास्तच माणसं जातात. खिडकीपाशी मोठी रांग होती. पोरगी भावजींच्या हातात. सकाळी निघतानाच त्यांनी ती पाळण्यातून उचलली होती आणि तेव्हापासून कुणाला दिली नव्हती. विहीणबाईंनी दोनदा हात पुढे केले तर दोन्ही वेळा त्यांनी पाठ फिरवली.

"नाव?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"जेरार्दा," इम्मा म्हणाली.

"आडनाव?"

"सेत्तेनोची," दोनातो म्हणाला. "फक्त."

त्या बाईने चष्मा वर सरकवला. "वीस वर्षं इथे बसतेय, असं आडनाव दुसऱ्या कुणाचं लिहिलं नाही. आलं कुठून हे?"

भावजींना हा प्रश्न जन्मभर विचारला गेला होता, आणि उत्तर द्यायला ते नेहमी असेच छाती पुढे काढून उभे राहायचे. मागे रांगेत अर्धं गाव होतं. लिबेरातोने डोळे मिटले.

"चाकावरून," भावजी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे. "आमचा पहिला माणूस चाकावर सोडलेला, बाई. आई गरीब होती. दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने अक्रोड बांधून दिले."

रांगेत कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

"आणि नाव माझं आहे हं!" विहीणबाई मागून ओरडल्या. "तेही सांगा ना त्यांना!"